गडग्यापलीकडचा पट्टा

१९ एप्रिल

जाळायचा परवाना मिळाला. वारा हलका आहे, उद्या सकाळी आठला सुरू करायचं.

कोरीनचा पोर्टलंडहून फोन आला. "आई, तू त्रेसष्ट वर्षांची आहेस," असं म्हणाली, जणू हे मला आत्तापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. लेकीशी काय ठरलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मला शब्द फिरवता यायचा नाही. येत्या ऑगस्टात शेताला सेंद्रियचा दाखला मिळाला, तर शेत माझं, आणि मी हातपाय हलवतेय तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. नाही मिळाला, तर शेत फळं गोठवणाऱ्या कंपनीला भाड्याने द्यायचं आणि मी कोरीनच्या घरी मागच्या खोलीत राहायला जायचं. ती खोली मी पाहिलीय. खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसते आणि एक कचऱ्याचा डबा.

तिच्या नवऱ्याला अजून वाटतं की ब्लूबेरीची रोपं आपण लावतो. दहा वेळा सांगितलं, अरे बाबा, ही रानातली आहेत, कुणी लावली नाहीत. घोट्याएवढी झुडपं, जमिनीखालून आपली आपण पसरतात. आपण फक्त एक वर्षाआड जाळायचं, की ती मुळातून नव्याने फुटतात आणि पुढच्या उन्हाळ्यात धरतात. "जाळल्यावर मरत नाहीत?" म्हणतो. शाळेची बस एकतीस वर्षं चालवली मी, पण असा प्रश्न पहिलीतल्या पोरानेही कधी विचारला नाही.

२० एप्रिल

जाळलं! वरचा अर्धा भाग काळाकुट्ट झालाय आणि मीही. अंघोळ दोनदा केली तरी केसांना धुराचा वास येतोय.

चर्चमधले चौघे आले होते पाठीवर पाण्याच्या पिशव्या बांधून. डेलमॉन्ट आला नाही. म्हणजे आला, पण गडग्याच्या पलीकडे, स्वतःच्या हद्दीत. ट्रकवर पाण्याची टाकी घेऊन सकाळी साडेसातपासून बसून होता. मजा बघायला, दुसरं काय. बहीण भाजते का शेत ते बघायला. सख्खा धाकटा भाऊ, वडिलांच्या शेताचा दुसरा अर्धा भाग त्याचा, मध्ये फक्त एक दगडी गडगा. आणि तीन वर्षांत आमच्यात एक शब्द नाही.

अकराच्या सुमाराला वारा फिरला आणि झुडपांवर पसरलेल्या पेंढ्याची आग सरळ गडग्याकडे धावली. धावत पोचले तर तिथलं गवत ओलंचिंब! आग तिथे येऊन फुसफुसली आणि विझली. रात्री चांगलंच दव पडलं असणार. नशीब माझं.

२१ मे

खालच्या भागात फुलं आलीत, पांढरी, मधूनच गुलाबी झाक. मधमाश्यांची खोकी परवा आली. सकाळी गवतावर हिव होतं, पण फुलं वाचली. मी स्वेटरवर कोट चढवून पहाटेच जाऊन वाकून वाकून बघत होते. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं म्हातारीचं काहीतरी हरवलंय.

डेलमॉन्टने आज बुरशीची फवारणी केली. मी खिडकीत उभं राहून एकूण एक फेरी मोजली. गंमत म्हणजे ट्रॅक्टर गडग्यापर्यंत आलाच नाही. वीसेक पावलं अलीकडेच वळवतो आणि परत जातो. आळशी झालाय. वडील असते तर कान धरला असता. आमच्याकडे माणसाची पारख त्याच्या शेताच्या कडेवरून करतात, मधल्या शेतावरून नाही. मधलं शेत कुणीही नीट ठेवतं.

आज तारीख बघून मागचं सगळं आठवलं. इथे लिहायला कोण अडवतंय, म्हणून लिहिते. माझा नवरा वेंडेल तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. पंचवीस वर्षं तो दोन्ही शेतांसाठी फवाऱ्याची औषधं कालवायचा. डॉक्टरांना विचारलं, हा आजार कशामुळे झाला? ते म्हणाले, सांगता येत नाही. मग मीही सांगत नाही. पण ते डबे मी धुतलेत आणि तो वास मला माहीत आहे. तो गेल्यावर मे महिन्यात डेलमॉन्ट नेहमीसारखा ट्रॅक्टर घेऊन माझं शेतही फवारायला आला. कुणी बोलावलं नव्हतं. अर्धं शेत होईस्तोवर मला कळलंच नाही. मग मी चपला घालून बाहेर धावले आणि टपालवाला, माझी भावजय ग्लेनिस, दोन शेजारी, सगळ्यांसमोर म्हणाले, "वेंडेलला मारलंस, आता मला मारायला आलास?"

त्याने ट्रॅक्टर बंद केला. मग पुन्हा चालू केला. गडग्याच्या फटीतून ट्रॅक्टर काढून निघून गेला. त्यानंतर माझ्या शेतावर थेंबभर औषध पडलेलं नाही आणि त्यानंतर तो माझ्या स्वयंपाकघरात आलेला नाही.

मी चुकले असं मला वाटत नाही. म्हणजे रोज वाटत नाही.

९ जून

बर्नाडेटशी फोनवर बोलले. ऑगस्टात किती माणसं घेऊन येणार ते ठरवायला. ती पासामाक्वोडी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, खाडीकाठच्या त्यांच्या वस्तीतली. गेली बावीस वर्षं भाऊबहिणी, भाचे, सगळा गोतावळा घेऊन दातेरी फणीने फळं ओढायला येते. आधी माझ्याकडे, मग डेलमॉन्टकडे. तिच्याइतका साफ हात या माळावर दुसरा नाही. तिची फणी चालते तेव्हा सुपाला दात फुटून ते आपणच फळं टिपतंय असं वाटतं.

ती म्हणाली, "तुझ्या भावाचं काहीतरी बिनसलंय बघ. गडग्याजवळचा तो पट्टा गेल्या वर्षी आम्हाला ओढूच दिला नाही. म्हणाला, तिथलं राहू दे. आणि पहिल्याच दिवशी स्वतः गुडघ्यावर बसून तिथलीच एक पेटी ओढली. दुखरी कंबर घेऊन. एकच पेटी."

"चिक्कूपणा," मी म्हणाले. "तण माजलंय तिथे. माणसं लावली तर मजुरी द्यावी लागेल ना."

"असेल," ती म्हणाली. मग विचारलं, "तू कधी चुकतेस का गं, अ‍ॅव्हिस?"

"मंगळवारी," मी म्हणाले. ती फोनवर हसत सुटली.

पोस्टात कळलं, डेलमॉन्टच्या कंबरेचा सांधा बदलणार आहेत, या महिन्याच्या शेवटी. काही वाटलं नाही असं लिहिणार होते. वाटलं.

२ जुलै

फळं धरलीत, हिरवी, मोहरीपेक्षा जरा मोठी. खालचा भाग भरलाय. असं पीक धरलेलं वडिलांच्या वेळेनंतर मी पाहिलेलं नाही.

पण पलीकडे! गडग्यापासून वीस पावलांचा तो पट्टा म्हणजे जंगल झालंय. सुवासिक नेच्याचं झुडूप मांडीएवढं, पिवळ्या फुलांचं तण कमरेएवढं. ते बी धरणार, वारा सुटणार आणि सगळं उडून माझ्या शेतात येणार. मी औषध मारत नाही. एकेक तण हाताने उपटते, गुडघ्यांवर. आणि हे त्याला नीट ठाऊक आहे!

ग्लेनिस कपडे वाळत घालत होती. गडग्यावरून ओरडले, "ग्लेनिस! नवऱ्याला सांग ती कड साफ करायला!"

"तूच सांग की. तोंड आहे ना तुला?"

"तो माझ्याशी बोलत नाही."

"तू बोलतेस त्याच्याशी?"

"मी आत्ता तुझ्याशी बोलतेय."

ती आत गेली, बाहेर आली. "तो म्हणतो, असू दे."

"असू दे? एवढंच?"

"ऑपरेशन झालंय गं त्याचं, अ‍ॅव्हिस. निजून आहे. त्याला अजून काय म्हणायचंय?" आणि टॉवेल असा झटकला की मला तो गालावर बसल्यासारखा वाटला.

भावजयीला दोष देत नाही. पण "असू दे" म्हणजे काय? मला डिवचायला वाढवलंय ते. कड घाण ठेवून शेजाऱ्याला त्रास देणं, याहून मोठा अपमान या माळावर नाही.

दरवर्षीची त्याची पेटीही तशीच. गडग्यात मधोमध एक चपटा दगड आहे. आजोबांच्या काळापासूनची रीत: ओढणी सुरू झाली की पहिली पेटी त्या दगडावर ठेवायची, पलीकडच्यासाठी. भांडण झाल्यापासून मी ठेवत नाही. तो मात्र ठेवतो. आणि कसली? तिन्ही वर्षं पाल्यापाचोळ्याने भरलेली, पाचोळा उडवायच्या पंख्यातून काढलेलीसुद्धा नाही. फवाऱ्याची फळं मी खात नाही. तशीच ठेवली दगडावर, कावळ्यांनी खाल्ली.

११ जुलै

फळमाशीचे सापळे तपासले. एकही नाही. एल्सवर्थच्या दुकानाला कळवलं, दहा ऑगस्टपासून माल तयार, दाखल्यासकट. "दाखल्यासकट" एकदा लिहून खोडलं. तरी लिहिलं. तपासनीस तीन ऑगस्टला येणार. यंदा पहिल्यांदाच कुणी प्रत्यक्ष शेतावर येतंय. आत्तापर्यंत सगळं टपालाने झालं.

मिळणार. का नाही मिळणार? औषधाविना तीन वर्षं लागतात, ती पूर्ण झालीत. मी थेंब टाकलेला नाही.

१९ जुलै

आता हद्द झाली! सकाळी बघते तर त्याच्या पट्ट्याच्या त्या टोकाला खुंट्या ठोकलेल्या. सरळ ओळीत, अकरा, प्रत्येकीला नारिंगी फीत. जमीन मोजणारे अशाच लावतात. म्हणजे मोजणी चाललीय. आज वीस पावलं पलीकडे, उद्या गडग्यावर, परवा माझ्या अंगणात. त्याला वाटत असेल मी पोर्टलंडला चाललेच आहे, तर आत्ताच हद्द सरकवून घ्यावी. कोरीनने तर नाही ना काही सांगितलं त्याला?

डोकं भणभणतंय. रागाने सफरचंदाचा पाय भाजायला घेतला, त्याच्या पारीत मीठ टाकायचं विसरले.

२० जुलै

उपटल्या. अकराच्या अकरा. सहा वाजता, धुकं होतं तेव्हा. बगलेत मारून घेऊन आले आणि फेकून कशाला द्यायच्या म्हणून टोमॅटोच्या वाफ्यात लावल्या. टोमॅटो पडतच होते. फिती सोडवत बसले नाही.

फार बरं वाटलं. लिहिताना थोडं कमी बरं वाटतंय.

२४ जुलै

पलीकडे आज फवारणी झाली, फळमाशीची. डेलमॉन्टला ट्रॅक्टरवर बसता येत नाही, म्हणून चेरीफील्डकडचा कुणी भाड्याचा माणूस आलाय. मोठं यंत्र, दोन्ही बाजूंना लांबलचक हात पसरलेले. भराभरा येत होता, एकेक फेरी गडग्याच्या जवळ सरकत. मी अंगणात उभी होते.

तेवढ्यात पलीकडच्या घराचं दार धाडकन उघडलं आणि डेलमॉन्ट बाहेर. दोन कुबड्या, रात्रीचा पायजमा. ऑपरेशनला महिना झाला नाही आणि हा माणूस खडबडीत शेतातून उड्या मारत चाललाय! ग्लेनिस मागून किंचाळतेय, "डेल, मरशील!" तो त्या तणाच्या पट्ट्यात शिरला, यंत्राच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि एक कुबडी वर उचलून असा ओरडला की माझ्या घरातलं मांजर पळालं. यंत्र थांबलं. त्या माणसाने टोपी काढली. मग बराच वेळ दोघांचं बोलणं, कुबडीने जमीन दाखवणं. आणि यंत्र मागे गेलं.

वयाची साठी आली तरी नोकरमाणसावर असा भडकतो. काय चुकलं असेल त्या बिचाऱ्याचं? ग्लेनिसने त्याला धरून घरात नेलं. चालताना पाय ओढत होता.

मी गडग्यापर्यंत गेले होते. विचारावं म्हणून, दुखतंय का. मग परत आले.

३ ऑगस्ट

हे नीट लिहायला हवं. गाळायचं काही नाही.

तपासनीस आल्या, मिस टिबेट्स. तिशीतल्या, पायात रबरी बूट, हातात जाडजूड फाईल. शेत पाहिलं, वह्या पाहिल्या, कोठीतला पंखा पाहिला, मला म्हणाल्या, "अशी झाडं बऱ्याच दिवसांनी बघतेय." मी फुलून गेले. मग गडग्यापाशी आल्या आणि पलीकडे बघत म्हणाल्या, "खुंट्या कुठे आहेत?"

"कसल्या खुंट्या?"

"तुमच्या भावाने लिहिलंय ना, यंदा खुंट्या लावणार म्हणून."

त्यांनी फाईल उघडली. तीन वर्षांपूर्वी मी अर्ज भरताना, शेजारी काय करतो या रकान्यात लिहिलं होतं: "फवारतो. माझ्याशी बोलत नाही." म्हणून त्यांच्या कचेरीने त्यालाच पत्र पाठवलं. शेजारी औषध मारत असेल तर मध्ये पन्नास फूट जागा कोरी लागते. शेजाऱ्याने सोडली नाही तर ती माझ्या शेतातून सोडायची. गडग्याकडची माझी पन्नास फूट म्हणजे माझं निम्मं पीक. मला हे कागदावर वाचल्याचं आठवतं. गडगा आहे ना मध्ये, म्हणून मी पान उलटलं होतं.

त्यांनी त्याचं पत्र दाखवलं. त्याचंच ते तिरकं अक्षर. भांडणानंतर पंधरा दिवसांची तारीख.

"बहिणीच्या गडग्यापासून पन्नास फूट मी काही फवारणार नाही. कायमचं. तिला कळवू नका, ती भांडेल. डेलमॉन्ट क्रॉली."

खाली यंदाचं: "कंबरेचं ऑपरेशन आहे, फवारायला बाहेरचा माणूस येईल. त्याला कळावं म्हणून नारिंगी फितीच्या अकरा खुंट्या लावून घेतो."

मी अंगणाकडे चालायला लागले, त्या मागोमाग आल्या. मिस टिबेट्स म्हणाल्या, "मग खुंट्या?"

मी म्हणाले, "वाऱ्याने पडल्या असतील."

आम्ही दोघी त्या वेळी टोमॅटोच्या वाफ्यासमोर उभ्या होतो. अकरा नारिंगी फिती फडफडत होत्या. त्या म्हणाल्या, "टोमॅटो छान आलेत."

गडग्याकडच्या झुडपांची पानं त्यांनी पिशवीत घेतली, तपासायला. निकाल आठवड्याने. औषध सापडलं तर यंदा दाखला नाही.

एकतीस वर्षं पोरांना सांगत आले, खोटं बोलायचं नाही, बसमध्ये तर अजिबात नाही.

४ ऑगस्ट

उजाडताच पलीकडे गेले. गडगा ओलांडला, तीन वर्षांत पहिल्यांदा. दहा दिवस पाऊस नाही, त्यामुळे माती जशीच्या तशी. चाकांचे माग सापडले. तिथून गडग्यापर्यंत पावलं मोजली, टाचेला पंजा लावून नाही, नेहमीची. एकोणीस. पन्नास फुटांना वीस लागतात, म्हणजे एक पाऊल आत. आणि माग जिथे थांबतात तिथे मातीत गोल गोल भोकं, कुबड्यांची. एके ठिकाणी गुडघा टेकल्याची खूण आहे. म्हणजे पडलाही होता, ते मला अंगणातून दिसलं नव्हतं.

तिथेच बसले आणि रडले. आता लिहिताना परत येतंय.

मग घरी येऊन मिस टिबेट्सना फोन लावला. "खुंट्या वाऱ्याने पडल्या नाहीत. मी उपटल्या. मला वाटलं भाऊ जमीन ढापतोय. दाखला द्यायचा नसेल तर देऊ नका, पण त्याच्या पत्रात खोटं काही नाही. त्याने सगळं पाळलं, माझ्यामुळे घोळ झाला. यंत्र गडग्यापासून एकोणीस पावलांवर आलं होतं."

"फिती मी पाहिल्या होत्या," म्हणाल्या. "लिहून पाठवा हे. एकोणीस पावलंही लिहा. पण निर्णय पानांवरच होईल."

"होऊ दे," मी म्हणाले.

टोमॅटो दोऱ्यांनी कुंपणाला बांधले आणि खुंट्या घेऊन गेले. डेलमॉन्ट मागच्या पायरीवर बसला होता, कुबड्या बाजूला.

"टोमॅटो पडले का?" म्हणाला.

तीन वर्षांतला पहिला शब्द, आणि हा!

"तुला माहीत होतं?"

"फवारणी झाली त्या संध्याकाळी ग्लेनिसने सांगितलं. तिने पाहिलं होतं तुला, धुक्यात, खुंट्या बगलेत मारून चाललेली. कोंबड्या पळवल्यासारखी."

"मग माझ्यावर का नाही ओरडलास?"

"ओरडलो की. त्या ट्रॅक्टरवाल्यावर. बिचारा अजून माझा फोन उचलत नाही."

मी हसले, आणि हसता हसता माझं तोंड वाकडं झालं. "डेल, मी तेव्हा वेंडेलबद्दल जे बोलले..."

"ते डबे मीच आणून दिले होते त्याला," तो मध्येच म्हणाला. "दर वसंतात. ते काही तू मनाचं बोलली नव्हतीस."

"डॉक्टरांनाही माहीत नाही कशामुळे ते."

"मलाही माहीत नाही. म्हणून तर पट्टा सोडला. दुसरं काय करणार होतो मी?"

ग्लेनिसने आतून कॉफी आणली, माझा कप माझ्यासमोर दणकन ठेवला आणि म्हणाली, "दोघं एकाच मातीची." मग तिचेही डोळे भरले.

खुंट्या मी ठोकल्या, तो कुबडीने दाखवत होता.

"ती वाकडी लागलीय."

"सरळ आहे."

"वाकडी आहे गं. डावीकडे घे. बस चालवायचीस तेव्हाही कायम उजवीकडे जायचीस."

८ ऑगस्ट

बर्नाडेटची माणसं आली. शेतात दोऱ्या ताणून ओळी पाडल्या आणि ओढणी सुरू. निकाल नाही अजून, पण फळं थांबत नाहीत. गडग्यापासून लांबचा माल रस्त्यावरच्या टपरीवर नुसती ब्लूबेरी म्हणून विकला. गडग्याकडचं राखून ठेवलंय. कोरीनने विचारलं, "आई, खोली रंगवून घेऊ का?" म्हटलं, "निकाल येऊ दे. पण ब्रश विकत घेऊ नकोस."

बर्नाडेटला सगळं सांगितलं. तिने फणी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पलीकडच्या पट्ट्याकडे बघितलं. "मग त्या दिवशी मंगळवार होता का गं?" म्हणाली.

११ ऑगस्ट

मिळाला!! पानांवर काहीच सापडलं नाही. मिस टिबेट्सनी सकाळी फोन केला. दाखल्यात एक अट घातलीय: पुढच्या वर्षीपासून खुंट्यांच्या जागा दोघांच्या सहीने कागदावर. मी म्हणाले, सही काय, अंगठाही देते.

एल्सवर्थला पहिला माल उद्या. कोरीनला सांगितलं तर ती फोनवर ओरडली, मग म्हणाली, "आई, मी खरं तर रंग आणला होता." मी म्हणाले, त्या रंगाने तुझं स्वयंपाकघर रंगव.

१२ ऑगस्ट

सकाळी माझी दाखल्याची पहिली पेटी घेऊन चपट्या दगडाकडे गेले. दोनदा पंख्यातून काढलेली, एक पानही नाही तिच्यात. तीन वर्षांची थकबाकी आहे, नीट द्यायला हवी.

दगडावर त्याची पेटी आधीच होती. पाल्यापाचोळ्याने भरलेली, नेहमीसारखी. मी हात घातला आणि पालापाचोळा नाकाशी धरला. सुवासिक नेच्याची पानं. पिवळ्या तणाच्या कळ्या. डेलमॉन्टच्या फवारलेल्या शेतात यातलं काही उगवत नाही, तिथे तण टिकतच नाही. ही दोन्ही फक्त त्या पट्ट्यात आहेत.

यंदा त्याला गुडघ्यावर बसता येत नाही. पायरीवर ग्लेनिस बसली होती, हाताला नखांपर्यंत निळे डाग.

मागच्या तिन्ही वर्षांच्या पेट्याही अशाच होत्या. ह्याच पानांनी भरलेल्या. मी हसले होते त्यांना.

पेटी घरी आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतली आणि चष्मा लावून निवडायला बसले. दोन तास लागले. गाडी एल्सवर्थला जायला उशीर झाला, जाऊ दे. दुपारी डेलमॉन्ट कुबड्या टेकत मागच्या दाराने आला, न विचारता, त्याच्या जुन्या खुर्चीत बसला आणि निवडलेल्या फळांची बशी पुढे ओढली. आम्ही दोघांनी मिळून ती संपवली. कावळ्यांना एकही ठेवली नाही.